आजाऱ्यांची प्रार्थना

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात दात काढून घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा दात घेऊनच परत यायचा. "काढून टाका हो बाई, एकदाची कटकट जाऊ दे," असं कुणी म्हटलं की बाई त्याला खुर्चीतच झापायच्या. "बाजारात नवा मिळतो का? मी भरून देते, तू जरा घासायला शीक." गल्लीतले लोक चेष्टेनं म्हणायचे, की या बाईंच्या हातात दिला तर दुधाचा दातसुद्धा पडायचा नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बाईंचे मिस्टर कवळ्या बनवायचे, आणि त्यांची कुरकुर तर उघड होती. "तू सगळ्या जगाचे दात वाचवत बस. मग मी काय करू, मेणाच्या बाहुल्या बनवू?"

अशी ही बाई. आणि हिनंच परदेशात जाऊन, प्रभूच्या नावानं, एका म्हातारीच्या तोंडातले धड उभे असलेले दात उपटले. आता बोला.

झालं असं, की बाईंच्या चर्चमधून बारा-पंधरा जणांचा सेवादौरा निघाला. एक आठवडा, परका देश, डोंगराच्या कुशीतलं एक गरीब गाव, आणि तिथली छोटीशी ख्रिस्ती मंडळी. तरुण मुलं शाळेच्या भिंती रंगवणार, महिला मंडळ लहान मुलांना गाणी शिकवणार, आणि बाई दातांचं शिबिर घेणार. चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट दिले. मिस्टर आले नाहीत. दवाखाना कुणीतरी बघायला हवा होता, आणि त्यांना मुळात टी-शर्ट घालून गटानं फिरण्याचाच कंटाळा. निघताना त्यांनी बाईंच्या बॅगेत जास्तीचे हातमोजे कोंबले आणि म्हणाले, "सांभाळून गं. तिकडे भरायचं मशीन नाहीये. नुसता चिमटा हातात असला की सगळेच दात काढण्यासारखे दिसतात."

बाईंना तेव्हा ते बोलणं नेहमीसारखं खवचट वाटलं होतं.

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी रविवार होता. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, पाठ नसलेली बाकं. तिथले म्हातारे पाद्री हळू आवाजात बोलत होते आणि त्यांची सूनबाई पाहुण्यांसाठी एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होती. मग शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबल वाचायला, एक सत्तरीची बाई उठली. ठेंगणी, करड्या केसांची, अंगात पुरुषी जाड स्वेटर. गावातली सगळी लहानथोर तिला मावशी म्हणत होती, म्हणून पाहुणेही मावशीच म्हणायला लागले. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली, आणि बाई चकित होऊन ऐकत राहिल्या. भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक शब्द कसा सुटा, स्वच्छ, शेवटापर्यंत नीट उच्चारलेला. खोलीतली मुलंसुद्धा चुळबुळ करायची थांबली. सूनबाई कानात म्हणाली, "मंडळीत वाचता येणारे खूप आहेत. पण मावशी असताना दुसरं कुणी पुस्तकाला हात लावत नाही."

वाचन झालं की आजारी लोकांसाठी प्रार्थना. तीही मावशीच करायची. गावातल्या प्रत्येक आजाऱ्याचं नाव, त्याचं काय दुखतंय, कुठे दुखतंय, सगळं देवाला नीट समजावून सांगायची. जणू देवाचंही कधी कधी लक्ष नसतं.

सोमवारपासून शिबिर सुरू झालं. शाळेचा एक वर्ग, खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची, पाठीला उशी, बाईंच्या कपाळाला बॅटरी बांधलेली, कोपऱ्यात स्टोव्हवर उकळत ठेवलेली हत्यारं. माणसं उजाडल्यापासून दारात बसायची. आणि शिबिराचं एक गणित असतं, ते कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येतं. दात वाचवायला चार खेपा लागतात, काढायला दहा मिनिटं. बाहेर रांग, आत एकच खुर्ची, शनिवारी परतीची बस. मंगळवारपर्यंत बाई हळहळत होत्या. गुरुवारपर्यंत हळहळ संपली होती. हात सरावला होता. त्यात तिथली माणसं काय कृतज्ञ! इकडे घरी पेशंट पैशांवरून घासाघीस करायचे, तिकडे म्हाताऱ्या बायका बाईंचे हात कपाळाला लावत होत्या. गटातल्या मुलांनी काढलेले दात एका काचेच्या बरणीत भरायला घेतले होते, घरी चर्चला दाखवायला म्हणून. पाळकसाहेब येता-जाता बरणीकडे बघून म्हणायचे, "डॉक्टरबाई, प्रभू तुमचे हात वापरतोय." बाईंनाही ते खरं वाटायला लागलं. माणसाला स्तुतीची चटक लागायला आठवडा पुष्कळ झाला.

गुरुवारी दुपारी मावशी आल्या. दाढांमधली एकच उरली होती, मागची, ती दुखत होती. बाईंनी ती काढली. मग बॅटरी पुढे फिरवली. हिरड्या सुजलेल्या, दात थोडे थोडे हलणारे. घरच्या दवाखान्यात बाईंनी काय केलं असतं? साफ केले असते, औषध लावलं असतं, दोनचार वेळा बोलावलं असतं, आणि ते पुढचे दात आणखी दहा वर्षं टिकले असते. हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं. नंतर त्यांनी स्वतःशी पुष्कळ वकिली करून पाहिली, पण ठाऊक होतं हे काही खोडता आलं नाही.

"हे सगळेच आज ना उद्या जाणार," त्यांनी सूनबाईला सांगितलं. "आम्ही गेल्यावर दुखायला लागले तर इथे कोण आहे? आज आणि उद्या मिळून काढून टाकते. हिरड्या भरल्या की आम्ही पुन्हा येऊच, तेव्हा माझ्या मिस्टरांना घेऊन येते. ते अशी कवळी करतात, की आरशात मावशींना मावशी ओळखणार नाहीत."

सूनबाईनं सांगितलं. मावशींनी विचार केला आणि एकच प्रश्न विचारला.

"वाचता येईल ना?"

"आत्ता वाचता त्यापेक्षा छान," बाई म्हणाल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कधी याल?"

"पुढच्या वर्षी, याच दिवसांत. प्रभूची इच्छा असेल तर."

आता हे 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणजे बाईंच्या मंडळीत बोलण्याच्या शेवटी लावायचं शेपूट होतं. लग्नाला या, प्रभूची इच्छा असेल तर. पापड आणून देते, प्रभूची इच्छा असेल तर. 'बघू' म्हणण्याचीच ती जरा भाविक रीत. पण सूनबाईनं ते सांगितलं तेव्हा मावशी खुर्चीत सरळ बसल्या. त्यांनी बाईंचा हातमोज्यातला हात दोन्ही हातांत धरला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि मग तोंड उघडलं. बाईंना वाटलं, भूल द्यायच्या आधी घाबरल्या असतील बिचाऱ्या.

परत आल्यावर चर्चमध्ये साक्षीचा रविवार झाला, दौऱ्यात प्रभूनं काय घडवलं ते सगळ्यांसमोर सांगायचा. फोटो दाखवले, बरणी दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी मिस्टरांनी फोटो बघून विचारलं, "त्या मावशींचे पुढचे सगळे काढलेस?" बाई म्हणाल्या, "हलत होते." मिस्टर बरणीकडे नुसते बघत राहिले. या माणसाला टोमणा सुचला नाही, असं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच झालं.

पुढच्या दौऱ्याची बैठक बसली. पाळकसाहेब खुशीत होते. दुसऱ्या एका देशातून आमंत्रण आलं होतं, समुद्रकिनारी, विमानतळापासून जवळ, राहायला बरी खोली. "प्रभूनं नवं दार उघडलंय," ते म्हणाले. प्रभूच्या नावावर माणसं काय काय खपवतात, ते एकदा त्यालाच विचारायला हवं. "कुणाची काही हरकत?" त्यांनी विचारलं. बाईंच्या मनात मावशींचं मोकळं तोंड आलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याचा अर्थ असा झाला असता, की बरणीतलं सगळंच काही सेवा नव्हतं. नुकत्याच वाजलेल्या टाळ्या अजून कानात होत्या. बाई मूग गिळून बसल्या.

त्या वर्षी बाई समुद्रकिनारी गेल्या. फोटो निघाले, फोनवर टाकले गेले. मधूनमधून सूनबाईचा निरोप यायचा, 'मावशी सलाम सांगतात, तुम्ही कधी येणार विचारतात.' बाई लिहायच्या, 'लवकरच, प्रभूची इच्छा असेल तर.' मग समुद्राचे फोटो गेल्यानंतर सूनबाईचे निरोप बदलले. 'मावशी सलाम सांगतात. तब्येतीला जपा.' कधी येणार हे विचारणं बंद झालं. बाईंना आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची नंतर लाज वाटली. ती लाज काही जाईना. दवाखान्यात एखाद्या म्हातारीनं तोंड उघडलं की बाईंचा हात क्षणभर थांबायचा. जेवताना कडक पाव मोडला तरी मावशी आठवायच्या.

शेवटी दुसरं वर्षही संपत आलं तेव्हा एक दिवस मिस्टरांनी मागच्या खोलीतून हाक मारली. टेबलावर त्यांची छोटी पेटी उघडी होती. मेण, प्लास्टर, साचे, दातांचे संच, छोटा बर्नर, सगळं भरलेलं.

"कुठे निघालात?"

"आपण दोघं निघालोय. तुझ्या मावशींकडे."

"अहो, पण चर्चनं…"

"चर्चनं दात काढले नव्हते. तू काढलेस."

"प्रभूची इच्छा…" बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं.

"त्याची इच्छा दोन वर्षांपूर्वीच होती गं. विचारायची राहिली ती तुझी." एवढं बोलून ते पुन्हा पेटी आवरायला लागले. बाई तिथेच स्टुलावर बसून रडल्या. मिस्टरांनी रडू दिलं. मग म्हणाले, "आटप आता. वरातीमागून घोडं का होईना, जाऊ तर दे."

बसथांब्यावर सूनबाई घ्यायला आली होती. बाईंना वाटलं होतं, ही तोंड फिरवेल. उलट तिनंच बाईंचे हात धरले, आणि तिचाच चेहरा पडलेला. "तुम्हाला आधीच सांगायला हवं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले आहे. मला माफ करा."

बाईंना काही उलगडेना.

"मावशी दर रविवारी विचारायच्या, डॉक्टरबाई का आल्या नाहीत. मी तुमचे समुद्राचे फोटो पाहिले होते. त्यांना कसं सांगू? आमच्याकडे प्रभूच्या इच्छेचा शब्द देऊन माणूस आला नाही, तर दोनच कारणं असतात. एक तर तो मेला, नाहीतर अंथरुणाला खिळलाय. मी म्हटलं, आजारी आहेत. मग त्यांनी तुम्हाला प्रार्थनेत घेतलं."

"कसल्या प्रार्थनेत?"

"आजाऱ्यांच्या. दर रविवारी. वर्ष होत आलं." सूनबाई खाली बघत होती. "आता तुम्ही येताय म्हटल्यावर सगळी मंडळी आनंदात आहे. प्रार्थना फळली म्हणतात. तुम्ही सांगू नका. एवढंच मागते, सांगू नका."

मिस्टरांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

मावशी घराच्या दारातच उभ्या होत्या. दोन वर्षांत चेहरा आत वळला होता, हनुवटी नाकाकडे आली होती. बोलताना तोंडावर रुमाल धरायच्या. त्यांनी बाईंना खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, गालाला हात लावला. आणि भरल्या डोळ्यांनी काहीतरी म्हणाल्या. शब्द एकमेकांत अडकत होते, सूनबाईलाही दोनदा विचारावं लागलं.

"म्हणतात, रंग चांगला आलाय. काय दुखत होतं?"

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. तोंडातून एवढंच आलं, "आता बरी आहे."

मिस्टर कामाला लागले. तोच वर्ग, तीच खिडकी. माप घ्यायला त्यांनी मावशींचं तोंड पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग बाईंना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वरची बसेल. खालचं हाड झिजलंय, हिरडी पार सपाट झाली. कशाला धरून राहणार? सहा महिन्यांत आलो असतो तर गोष्ट वेगळी होती." ते बाईंना टोचायला म्हणत नव्हते. पण खाई त्याला खवखवे.

तरी त्या माणसानं जीव ओतून काम केलं. मेणात एकेक दात लावला, मावशींना पुन्हापुन्हा बसवून पाहिलं, साचा भांड्यात उकळला, घासून घासून गुळगुळीत केला. शुक्रवारी कवळी तयार झाली. मावशींनी आरशात पाहिलं आणि हसल्या, सगळे हसले. मग त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. उघडलं. वाचायला लागल्या, आणि दुसऱ्याच ओळीला खालची कवळी उचलली गेली, कटकट वाजली, शब्द फुटला. त्यांनी ती अंगठ्यानं दाबली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मिस्टरांनी दोन ठिकाणी घासून दिली. "सवयीनं बरं होईल," ते म्हणाले, पण त्यांनी मान वर केली नाही. मावशींनी पुस्तक मिटलं, कवळी धुतली आणि रुमालावर ठेवली.

"वाचायचं आता पाद्रींचा पुतण्या वाचतो," त्या सूनबाईकरवी म्हणाल्या. "माझं बोललेलं माणसांना कळत नाही. म्हणून मी प्रार्थना तेवढी ठेवली. देवाला बोबडं कळतं."

तेव्हा बाईंना ते सहन झालं नाही. त्या जमिनीवर, मावशींच्या खुर्चीपाशी बसल्या.

"सूनबाई, मी सांगते ते सांगा. जसंच्या तसं."

"नको ना बाई."

"सांगा. मी आजारी नव्हते. एक दिवससुद्धा नव्हते. मी दुसरीकडे गेले. समुद्र होता, खोली चांगली होती. कुणी नको म्हटलं नव्हतं, मीच गप्प बसले. आणि तुमचे पुढचे दात चांगले होते, मावशी. ते काढायला नको होते. मला माहीत होतं."

सूनबाई बोलली, तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये थांबत. बाई मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, मावशी रागावतील. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. एकदा सूनबाईला काहीतरी विचारलं, बहुधा पुन्हा सांगायला लावलं. मग रुमालावरच्या कवळीकडे बघत एक वाक्य बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

सूनबाई म्हणाली, "म्हणतात, मग मी वर्षभर जिच्यासाठी रडले, ती बाई कोण होती?"

मावशी उठल्या, कवळी रुमालात गुंडाळून स्वेटरच्या खिशात घातली आणि घरी गेल्या. शनिवारी त्या कुणाला दिसल्या नाहीत. मिस्टरांनी पेटी भरली. बाई तयार बॅगेवर बसून होत्या. त्यांना उपासनेला न थांबताच निघायचं होतं, पण बस रविवारी दुपारचीच होती.

रविवारी दोघं अगदी मागच्या बाकावर बसले. सूनबाई त्यांच्या शेजारी. पाद्रींच्या पुतण्यानं शास्त्र वाचलं, भराभर, शब्द खात. मुलं चुळबुळ करत होती. मग आजाऱ्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि पुढच्या बाकावरून मावशी उठल्या. वरची कवळी घातलेली होती, खालची नव्हती. तोंडावर आज रुमाल धरला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. सूनबाई सवयीनं बाईंच्या कानात सांगत गेली. विहिरीशेजारच्या म्हाताऱ्याचा गुडघा. शिंप्याच्या बायकोचा खोकला. पाद्रींचे डोळे. मग मावशी थांबल्या. त्यांनी जड जिभेनं, जपून जपून, आणखी एक नाव घेतलं आणि पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. सूनबाई सांगायची थांबली.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"तुमचंच," सूनबाई म्हणाली. "डॉक्टरबाईंना बरं कर, म्हणतात."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही परवा नीट सांगितलं नव्हतं का त्यांना?"

"सगळं सांगितलं होतं," सूनबाई म्हणाली. "त्यांना सगळं समजलंय."

पुढे मंडळीनं एकसुरात आमेन म्हटलं. मिस्टरांनीही म्हटलं. बाई मान खाली घालून बसून राहिल्या.